कालचा भाग पाहिलास का?

दुपारी जेवणाची सुट्टी झाली की धाकटी शिलाई मशीनवरून उठायची, अंगावरचे धाग्यांचे तुकडे झटकायची आणि डबा उघडायच्या आधी ताईला फोन लावायची. पडदे शिवायच्या त्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कापडाच्या गठ्ठ्यांशेजारची, खिडकीजवळची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली जायची, आणि त्यात उपकाराचा भाग कमी होता. इतरांनाही ताईचं बोलणं ऐकायचं असायचं. इस्त्रीवाल्या मावशी तर उघड म्हणायच्या, "स्पीकर लाव गं. मालिका मी रोज बघते, पण कळते मला तुझ्या बहिणीकडूनच."

ताई कधी 'हॅलो' म्हणायची नाही. फोन उचलला की थेट, "कालचा भाग पाहिलास का?" मग सुरू.

"मधली सून झोपतानासुद्धा ते झुंबराएवढे कानातले काढत नाही. एक दिवस कान हातात येईल बाईच्या."

"सासऱ्यांना चक्कर आली की डॉक्टर उंबऱ्यात हजर. तो काय जिन्याखाली राहतो का? आपल्याला साध्या तापासाठी नंबर लावून बसावं लागतं."

"तो वकील खोटं बोलतोय. खरं बोलणारा माणूस इतक्या वेळा चष्मा पुसत नाही."

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आयुष्यभर इतरांची बोलणी जोडून देता देता माणसाच्या आवाजावरून त्याच्या पोटातलं ओळखायची सवय तिला लागली होती. निवृत्त झाल्यावर ती सवय मालिकेच्या कामी येत होती. तिला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि भाऊजी, दोघंच. भाऊजी मालिकेला 'रडारड' म्हणायचे आणि ती लागली की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. त्यामुळे ताईची मतं रात्रभर साठून राहायची आणि दुपारी धाकटीच्या कानात रिकामी व्हायची.

त्यात कधी खंड पडला नव्हता. म्हणून मतं अचानक पातळ झाली तेव्हा धाकटीच्या आधी मावशींच्या लक्षात आलं.

"कालचा भाग बरा होता," एका दुपारी ताई म्हणाली.

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा. सगळ्यांची कामं छान झाली. तुझं कसं चाललंय? पाठ दुखते का अजून?"

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "काल तर तो पडेल भाग होता. निम्मा वेळ जुनंच दाखवलं. तुझी बहीण त्याला बरा म्हणते?"

धाकटीने हसून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ताईने वकिलाची बाजू घेतली. "बिचारा, त्याचाही नाइलाज असेल," म्हणाली. वकिलाचं खोटं तर आदल्याच रात्री उघडं पडलं होतं, तेही भर कोर्टात. धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला.

त्यांची आई शेवटच्या वर्षांत अशीच झाली होती. तिची सुरुवातही अशीच, अगदी सौम्य. आधी ती गोष्टींतले तपशील गाळू लागली, मग सगळ्यालाच 'छान' म्हणू लागली, कारण 'छान' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मग एके दिवशी तिने धाकटीला विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" धाकटीला तो प्रश्न अजूनही कधी कधी झोपेतून उठवायचा.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि कुठल्याही बिघाडाकडे सारख्याच शांतपणे पाहायचा.

"झोप लागत असेल तिला मध्येच," तो म्हणाला. "वय झालं की टीव्हीसमोर डोळा लागतो. माझाही लागतो."

"तुझा पहिल्यापासून लागतो. ताईचा नाही."

"मग भाऊजींना विचार."

भाऊजींना फोन करणं ही काही साधी गोष्ट नव्हती. ते फोनवर दोन शब्दांपलीकडे जायचे नाहीत, आणि ते दोन शब्दही समोरच्याने मागून घ्यावे लागायचे. शिवाय विचारायचं काय? तुमची बायको मालिका नीट बघत नाही, तिला दवाखान्यात न्या?

शेवटी धाकटीने स्वतःच खातरजमा करायची ठरवली. तिला ते आवडलं नाही. आजारी माणसाच्या पायात काठी घालून तो पडतो का ते बघण्यासारखं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी स्पीकर न लावता, गठ्ठ्यांच्या आड जाऊन ती म्हणाली, "ताई, काल थोरली सून घर सोडून गेली की गं."

असं काही झालं नव्हतं. थोरल्या सुनेने काल दिवाणखान्याबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. भागभर सगळे सोफ्यावर बसून मृत्युपत्राची चर्चा करत होते.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. ताई आता म्हणेल, "काहीतरीच काय बरळतेस," म्हणून धाकटी जीव मुठीत धरून उभी राहिली.

"गेली का," ताई म्हणाली. आवाज अगदी खाली गेलेला. "एकटीच?"

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो. एकटीच."

"मग घरातले काय म्हणाले?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. "काही नाही. कुणी काही बोललंच नाही."

"नाहीच बोलणार," ताई म्हणाली. मग लगेच, "चल, ठेवते. दूध उतू जाईल."

धाकटीने डबा तसाच बंद केला. दुपारभर तिच्या हातून पडद्यांच्या चुण्या वाकड्या पडत होत्या. एका पडद्याचा काठ तिने उलट्या बाजूने दुमडून शिवला आणि तो उसवताना सुई बोटात गेली. मालकीणबाईंनी ते पाहिलं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "उद्या अर्धा दिवस घे. जे काय आहे ते बघून ये. कापड महाग आहे."

दुसऱ्या दिवशी ताईला न कळवता ती बसमध्ये बसली. ताईचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. वाटेत तिने मनात सगळी मांडामांड करून टाकली. कोणत्या डॉक्टरकडे जायचं, भाऊजींना कसं समजवायचं, ताईला आपल्याकडे आणायची झाली तर पलंग कुठे हलवायचा. आईच्या वेळी उशीर झाला होता. या वेळी होऊ द्यायचा नव्हता.

दार भाऊजींनी उघडलं. दाढी केलेली, शर्ट स्वच्छ, पण मधलं एक बटण चुकून पुढचं सगळं एक घर वर सरकलेलं.

"ये," ते म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

टीव्ही चालू होता. मालिकेचा कालचा भाग दुपारी पुन्हा दाखवायचे, तो लागला होता. वर्तमानपत्र घडीही न मोडता खुर्चीखाली पडलेलं.

"ताई कुठे आहे?"

"बाहेर गेली आहे."

"कधी येईल?"

भाऊजींनी खुर्चीखालचं वर्तमानपत्र पायाने आत सरकवलं. धाकटी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा. ताईच्या चहाच्या डब्याचं झाकण तिच्या शिस्तीत बसलेलं नव्हतं. दारामागे ताईची रोजची पिशवी असायची, तिथे नुसता खिळा होता. पाणी न पिताच ती बाहेर आली.

भाऊजी टीव्हीकडे पाहत होते. "ही मधली सून," ते म्हणाले, "हिला मृत्युपत्राचं माहीत असून ती गप्प आहे, की खरंच माहीत नाही?"

या माणसाला मालिकेबद्दल प्रश्न विचारताना तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"भाऊजी, ताई कुठे आहे?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"गेली. गेल्या महिन्यात." त्यांनी रिमोट उचलला, आवाज कमी केला आणि तो गुडघ्यावर तसाच धरून बसले. "मला वाटलं दोन दिवसांत येईल."

"आणि तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत? मला नाही, कुणाला नाही? तिचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

"तुझ्याशी बोलते ना ती रोज?"

"तुम्हाला काय माहीत, बोलते की नाही?"

"तुझ्या सुट्टीच्या वेळेला मी तिला फोन लावतो," ते म्हणाले. "बिझी लागतो. मग ठेवून देतो."

धाकटीला एवढं समजलं की ताईची बुद्धी शाबूत होती; तिला मालिका बघायलाच मिळत नव्हती. पण सुटकेचा श्वास टाकावा तर दुसरी काळजी छातीवर येऊन बसली. साठीच्या घरातली बाई, महिनाभर, कुठे? कुणाकडे? तिने तिथेच उभं राहून ताईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तिने निरोप टाइप केला: 'मी तुझ्या घरी बसले आहे.'

उत्तर येईपर्यंतचा वेळ तिला फार जड गेला. टीव्हीवर मधली सून आवाजाविना रडत होती. भाऊजी तिच्याकडे आणि धाकटीच्या हातातल्या फोनकडे आळीपाळीने बघत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी करकचून ब्रेक दाबला तेव्हा दोघंही दचकली.

फोन वाजला.

"चहा केला का त्यांनी तुला?" ताईने विचारलं.

"ताई, तू कुठे आहेस?"

"नाहीच केला म्हणजे. ये इकडे, मी करते." आणि तिने पत्ता सांगितला. भाऊजींनी मान दुसरीकडे वळवली होती, पण कान इकडेच होते. धाकटीने पत्ता मोठ्याने उच्चारला नाही.

खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक खुर्ची, एक टेबल, त्यावर शेगडी, खिडकीत दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. टीव्ही नव्हता. ताई दारातच उभी होती. थोडी बारीक दिसत होती, केस नीट विंचरलेले. धाकटीने आधी तिला घट्ट धरलं आणि मग रागाने दूर केलं.

"मला वाटलं तुला आईसारखं झालं. तुला समजतं का, काल रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टर शोधत होते मी."

ताई हसायला लागली, आणि धाकटीचा चेहरा पाहून हसणं अर्ध्यावर थांबलं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "ते माझ्या डोक्यातच नाही आलं."

"थोरली सून कुठेही गेलेली नाही. मीच खोटं सांगितलं."

"अस्सं." ताईने पातेल्यात पाणी ओतलं. "आणि मी तुला तिच्या बॅगेबद्दल विचारणार होते."

ताईने चहा दोन कपांत गाळला. मग तिनेच सुरुवात केली. तिने ते तक्रार मांडल्यासारखं सांगितलं नाही. फोन जोडताना नंबर सांगावा तसं सरळ सांगत गेली. भाऊजी अबोला धरायचे. हे धाकटीला माहीत होतं, घरात त्यावर विनोदही व्हायचे. पण अबोला किती लांबायचा ते ताईने कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. आठवडे जायचे. मीठ पुढे करायचं तेही बोटाने. शेवटचा अबोला भाऊजींच्या मित्राकडे जेवायला गेल्यावर सुरू झाला. मालिकेचा विषय निघाला, ताईने नेहमीसारखं काहीतरी मत दिलं, सगळे पोट धरून हसले.

"यांना वाटलं, हसले ते यांच्यावर. घरी आल्यापासून तोंडाला कुलूप. मी वाट पाहिली. नंतर माझ्या लक्षात आलं की सबंध दिवसात माझा आवाज मला फक्त तुझ्याशी बोलताना ऐकू येतो. बाकी वेळ घरात फक्त टीव्हीचा."

"पण न सांगता जायचं का?"

"सांगितलं की. बॅग हातात घेऊन समोर उभी राहिले. 'मी जाते आहे' म्हटलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला."

धाकटीने कप खाली ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

"तू धावत आली असतीस. 'चल, मी बोलते त्यांच्याशी' म्हणाली असतीस, आणि मला परत नेऊन सोडलं असतंस. प्रेमानेच. म्हणून नाही सांगितलं."

'असं मी मुळीच केलं नसतं,' हे शब्द धाकटीच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले. बसमध्ये तिने पलंग हलवायचा विचार केला होता तो आजारी ताईसाठी. धडधाकट ताईसाठी तिने काय केलं असतं, ते ताईला बरोबर माहीत होतं.

"मग मालिकेचं सोंग कशाला? बघत नाही म्हणून सांगायचं."

"का बघत नाही, असं तू विचारलं असतंस. आणि दुपारचा फोन बंद होईल याची भीती वाटत होती." ताई खिडकीतला टॉवेल सारखा करत म्हणाली, "खालच्या दुकानातली मुलगी मला सकाळी गोष्ट सांगायची. पण तिला काही म्हणजे काही धड सांगता येत नाही. 'मस्त होता आजी, खूप रडले सगळे.' त्यातून मी किती काढणार?"

आता धाकटीला हसू आलं, आणि हसताना डोळेही भरून आले. मग तिने भाऊजींचं सांगितलं. चुकलेलं बटण, मधल्या सुनेबद्दलचा प्रश्न, आणि रोज दुपारी बिझी लागणारा फोन.

ताई खिडकीशी पाठमोरी उभी होती.

"एवढी वर्षं एका छताखाली होतो," ती म्हणाली. "तेव्हा फोन लावायचीही गरज नव्हती. नुसती मान वर करायची होती." मग वळून म्हणाली, "त्यांना सांग, मी बरी आहे. आणि म्हणावं, बिझी लागला तर ठेवून द्या, पण मग पुन्हा करा. मी उचलेन. मात्र उचलल्यावर बोलावं लागेल. पलीकडून नुसता श्वास ऐकायला मी आता नोकरीवर नाही."

धाकटीने निरोप शब्दशः पोचवला. भाऊजी "बरं" म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस त्यांचा फोन गेला नाही. धाकटी रोज दुपारी ताईला विचारायची, ताई "नाही" म्हणायची, आणि दोघी दुसऱ्या विषयाकडे वळायच्या. आता मालिका धाकटी सांगायची आणि मतं ताई द्यायची. मावशी पुन्हा खूश होत्या. धाकटीला मात्र घरी गेल्यावर स्वस्थता नसायची. नवरा टीव्हीसमोर पेंगताना दिसला की ती त्याला हलवून काहीतरी विचारायची; तो चक्रावून उत्तर द्यायचा आणि पुन्हा पेंगायचा. भाऊजी एकटे आहेत, जेवतात की नाही, त्यांना काही झालं तर ताई स्वतःला दोष देत बसेल, असं चक्र तिच्या डोक्यात फिरत राहायचं.

शेवटी फोन आला. ताईने दुसऱ्या दिवशी सांगितलं, जरा सांभाळून, काचेचं भांडं हातात असल्यासारखं. "घसा खाकरला. मग म्हणाले, वकिलाला शिक्षा कमी झाली. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. मग दोघांनाही पुढचं काही सुचेना. ठेवला."

थंडी सुरू झाली तेव्हा ताईला तिचे लोकरीचे कपडे हवे होते. ती धाकटीला बरोबर घेऊन गेली. भाऊजींनी दार उघडलं आणि बोलायलाच लागले. भाज्या महाग झाल्या, नळाला पाणी कमी येतं, मालिकेत नवी नटी आणली तिला जुनीची सर नाही. सवय नसलेला माणूस धावायला लागल्यावर जसा धापा टाकतो तसं त्यांचं बोलणं होतं. ताई कपाटातून स्वेटर काढत ऐकत होती. मध्ये ते एकदम थांबले. तो जुना अबोला खोलीत परत येतो की काय असं धाकटीला वाटलं.

"मी आवाज वाढवला होता," भाऊजी म्हणाले. "त्या दिवशी. मला ऐकू आलं होतं तू काय म्हणालीस ते."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

स्वेटर पिशवीत भरून ती भाऊजींनी केलेला अति गोड चहा पूर्ण प्यायली आणि निघाली. ती राहील अशी अपेक्षा भाऊजींच्या चेहऱ्यावर होती, पण त्यांनी ती बोलून दाखवली नाही. दारात फक्त म्हणाले, "पोचलीस की कळव."

बसमध्ये धाकटीने विचारलं, "परत जाशील?"

"नाही वाटत. निदान आत्ता तरी नाही."

"मग ते?"

"ते शिकतायत. शिकू दे. मला घाई नाही, आणि तूही जीव टांगणीला लावू नकोस."

पण जीव तिथेच टांगलेला होता, आणि धाकटीला ते लपवता आलं नाही. खोलीवर पोचल्यावर ताईने पिशवी पलंगावर ठेवली, फोन लावला आणि म्हणाली, "पोचले." पलीकडून "बरं" असं आलेलं धाकटीलाही ऐकू आलं. फोन मात्र बंद झाला नाही. ताई कानाला फोन धरून खिडकीशी उभी राहिली. तिने पुढे काही विचारलं नाही, विषय काढून दिला नाही. धाकटी पलंगाच्या कडेला बसून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. बराच वेळ गेला. मग पलीकडे काहीतरी अडखळत सुरू झालं, आणि ताई ऐकत ऐकत खुर्चीवर बसली.